मुलींसाठी धुवून वापरायचे पॅड शिवताय? आधी वाळवायची जागा बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या बचत गटात शिलाई येणाऱ्या दहा-बारा जणी आहेत, घरोघरी मशिनी आहेत. ओळखीच्या एका गणवेश कारखानदाराने कटपीस फुकट द्यायची तयारी दाखवलीय. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या दोन शाळांमधल्या सहावी ते दहावीच्या मुलींना धुवून वापरायचे पॅड शिवून जूनमध्ये वाटायचे, म्हणजे पाळीच्या दिवसांत त्यांची शाळा बुडणार नाही. कापड कुठलं, माप काय आणि एका मुलीला किती द्यायचे, हे तुम्हाला हवंय.

तिन्हींची उत्तरं देते. पण आधी एक सांगते. मी शिवणक्लास चालवते आणि असे पॅड शिवणाऱ्या बायकांबरोबर बरीच वर्षं काम करतेय. शिवलेला पॅड पेटीच्या तळाशी पडून राहतो, तो शिलाई खराब म्हणून क्वचितच. धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, नाहीतर शाळेत बदलायला कडी लागणारं दार नाही, या तीनपैकी काहीतरी अडतं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न कापडाचा नाही. त्या मुलीच्या घरात ती घडी, म्हणजे पॅडमधला शोषणारा कापडी भाग, उन्हात कुठे टाकता येईल, हा आहे. त्याचं उत्तर गावागणिक, घरागणिक बदलतं, म्हणून माझं उत्तरही काही ठिकाणी ‘अवलंबून आहे’ असंच राहणार.

आधी फुकटच्या कटपीसबद्दल. नको म्हणा. फार तर पिशव्यांसाठी घ्या. आपल्या सोलापुरात गणवेशाचं कापड मुबलक मिळतं, पण ते बहुतेक टेरिकॉट असतं, म्हणजे त्यात पॉलिएस्टर जास्त. ते टिकतं, चुरगळत नाही, पण पाणी पीत नाही. घरीच बघा: कापडाचा तुकडा ताणून धरा आणि वर पाण्याचा एक थेंब सोडा. सुती कापडात थेंब लगेच पसरतो, टेरिकॉटवर मण्यासारखा बसून राहतो. तरी शंका वाटली तर दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुताची कागदासारखी मऊ राख होते, पॉलिएस्टर आक्रसतं आणि बोटाला टोचणारी कडक गाठ उरते. दुकानदार ‘प्युअर कॉटन आहे’ म्हणाला तरी हे करायचंच.

थेंबाची परीक्षा कापड धुतल्यावर करा, हेही महत्त्वाचं. कोऱ्या कापडाला खळ असते, ती असेपर्यंत चांगलं सुती कापडसुद्धा पाणी झिडकारतं.

दुसरा मोह टॉवेलचा. गावच टॉवेल-चादरींचं, त्यामुळे प्रत्येक नव्या गटात कुणीतरी म्हणतंच, ‘टर्किशचा तुकडा घालूया, भरपूर शोषेल.’ शोषतो, खरंय. पण ते फासे जेवढं पाणी धरतात तेवढेच वाळायला वेळ लावतात, आणि बोअरच्या जड पाण्यात चार-सहा महिने धुतले की घासणीसारखे होतात. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या मांडीला ते काय करतील, याचा विचार करा. घालायचाच असेल तर आतला एकच थर टॉवेलचा ठेवा, अंगाला लागणारी बाजू नको. मी मात्र सगळी घडी सुती फलालीनचीच करते. वरून मऊ लव असलेलं असतं ना, ते. पॉलिएस्टरचं ‘फ्लीस’ वेगळं, दिसायला तसंच असतं. तिथेही थेंब टाकून बघा.

आता माप. जगभर स्वयंसेवी बायका जो नमुना शिवतात, तो ‘डेज फॉर गर्ल्स’ नावाच्या संस्थेचा. सेलेस्ट मर्गेन्स या अमेरिकन बाईंनी 2008 साली केनियातल्या अनाथ मुलींसाठी हे काम सुरू केलं. त्यांनी आधी बाजारचे वापरून टाकायचे पॅड दिले होते. मग लक्षात आलं की ते टाकायला तिथे जागाच नाही. तिथून धुवून वापरायच्या संचाकडे गाडी वळली. त्या नमुन्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे घडी पॅडच्या आकाराची नसते. साधा चौकोन असतो. वापरताना तीन पदरी दुमडायचा, धुताना उलगडायचा. दुहेरी कापडाचा चौकोन तीन पदरी दुमडला की शोषायला सहा थर मिळतात, आणि दोरीवर टाकला की दोनच थर वाळायचे असतात. शिवून बंद केलेला जाड पॅड आपल्याकडे उन्हातसुद्धा आतून दमट राहतो. हा चौकोन सोलापूरच्या मार्चच्या उन्हात तास-दीड तासात खडखडीत होतो. शिवाय लांबून बघणाऱ्याला तो रुमालच वाटतो.

चौकोन नऊ इंची. दोन थर एकत्र, चारी बाजूंनी ओव्हरलॉक. कडेला दुमड मारू नका, जाड कड लवकर वाळत नाही आणि टोचते. एका मुलीला आठ घड्या धरा, म्हणजे सोळा तुकडे. हिशेब सोपा दिसतो: छत्तीस इंची पन्ह्याच्या (रुंदीच्या) मीटरभर कापडात नऊ इंचाचे चार गुणिले चार, सोळा तुकडे. पण फलालीन धुतल्यावर आटतं, आणि पन्हा छत्तीसवरून चौतीसवर आला की आडवे चारऐवजी तीनच तुकडे निघतात. म्हणून चव्वेचाळीस पन्ह्याचं घ्या, आधी धुऊन वाळवून मगच कापा, आणि मुलीमागे एक मीटर धरा. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात चौकोन वाकडा होतो आणि घडी नीट बसत नाही.

खालचा पट्टा, ज्याला शील्ड म्हणतात, तो पँटीवर बसतो. त्याला दोन पंख असतात, ते पँटीखालून वळवून टिचबटणाने लावायचे. वरच्या बाजूला दोन्ही टोकांना छोटे खिसे, त्यांत घडीची टोकं खोचायची. आत ओल न झिरपू देणारा थर लागतो. पीयूएल म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं कापड मिळतं, ते उत्तम. रेनकोटचं किंवा टेबलावरचं प्लॅस्टिक वापरू नका. मुलीला घाम येतो, खाज सुटते, आणि प्लॅस्टिक दुमडतं तिथे तडकतं. पीयूएल शिवताना टाचण्या टोचू नका, कपड्याचे चिमटे लावा. टाचणीचं प्रत्येक भोक म्हणजे गळती. सुई बारीक, अकरा नंबर, टाका जरा लांब, आणि पट्ट्याच्या मधोमध टीप अजिबात नको. नव्या बाया नक्षीसाठी तिथे हमखास टीप मारतात आणि नेमकं तिथूनच झिरपतं.

रंगाबद्दल मतभेद आहेत. गडद, छापील कापडावर डाग दिसत नाहीत, मुलीला दोरीवर टाकायला लाज कमी वाटते. काही डॉक्टर फिकट रंग सुचवतात, म्हणजे नीट धुतलं की नाही ते कळतं. मी शील्ड गडद छापील आणि घड्या मध्यम रंगाच्या करते. रंग जाणारं कापड मात्र नको. ओला पांढरा रुमाल घासून बघितलं की लगेच समजतं.

संचात आणखी काय: दोन शील्ड, आठ घड्या, दोन पँटी, कपडे धुवायचा साबण (अंगाचा नको), ओल्या घड्या शाळेतून घरी न्यायला पाणी न गळणारी झिपची पिशवी, आणि सगळं मावेल अशी नाडीची पिशवी. यातली पँटी बहुतेक गट गाळतात, कारण मापाचा घोळ नको वाटतो आणि विचारायला संकोच. पण पँटी घट्ट बसली नाही तर जगातला कुठलाही कापडी पॅड जागेवर राहत नाही. खेड्यातल्या बऱ्याच मुलींकडे आहेत त्या बहिणीच्या, सैल इलास्टिकच्या. पँटी शिवत बसू नका, मधल्या मारुतीच्या बाजारात होजियरीच्या दुकानात घाऊक घ्या, तीन मापांत, सुती. माप बाईंकडून चिठ्ठीवर मागवा, वर्गात नाव पुकारून नाही.

जूनचं म्हणाल, तर मला ते अवघड दिसतंय. तुमच्या गटातल्या जणी गणवेशाचं जॉब वर्क करत असणारच. फेब्रुवारी-मार्चपासून शाळा उघडेपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि तेच त्यांच्या वर्षाच्या कमाईचे दिवस. त्यांच्याकडून त्याच काळात फुकट शिलाई मागणं मला पटत नाही. शिवाय जूनमध्ये पाऊस. आपल्याकडे पाऊस कमी हे खरं, पण ज्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा पॅड वाळवायचा आहे, तिची सुरुवात ढगाळ आठवड्यात नको. गणपती उरकले की कापायला घ्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की द्या. समोर चार-पाच महिने कोरडं ऊन असतं, सवय लागते.

आता वाळवण्याच्या जागेवर येते. बोलायचं खरं इथेच आहे.

एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा, घरात सात माणसं. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, शेजारी तंबाखूचा डबा, ओली पानं गोणपाटात. दोरी एकच, दारासमोर, आणि त्या दोरीवर आजोबांचं धोतर. मुलगी घडी धुते आणि साडीच्या खाली, आतल्या कोपऱ्यात, नाहीतर पेटीमागे खिळ्याला अडकवते. तिथे ती दोन दिवस दमट राहते, आणि तशीच तिसऱ्या दिवशी वापरली जाते. खाज, पुरळ, वास सगळं त्या दमटपणातून येतं. मग घरात म्हणतात, कापड वाईटच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी जवळपास निम्म्यांनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे कापड आपण नव्याने आणत नाही आहोत. मुलींकडे ते आहेच. नसतं ते उघड्यावर वाळवायची मुभा.

ही मुभा मुलगी देऊ शकत नाही, आई किंवा आजी देते. म्हणून संच वाटायच्या आधी आयांची बैठक घ्या, मुलींची नंतर. तिथे भाषण करू नका. एक घडी लाल पाण्यात बुडवून त्यांच्यासमोर धुवा: आधी गार पाणी, गरम कधीच नाही, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, चोळणं, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणं, पिळून उन्हात. नीळ, खळ, कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी काही नको, त्याने शोषण जातं. घडी वाळून कडक झाल्यावर झाकणाच्या डब्यात, आणि विडीकाम असलेल्या घरात तो डबा तंबाखूपासून लांब. पूर्व भागात हे तेलुगूत सांगणारी बाई सोबत न्या, अक्कलकोटकडच्या गावांत कानडी बोलणारी. मुलगी मराठी शाळेत शिकते म्हणून आईला आपलं मराठी कळेलच असं नाही.

देवाच्या कपड्यांसोबत एका दोरीवर नको, असं कुणी म्हणालं तर तिथे वाद घालत बसू नका. वेगळी दोरी बांधून द्या. थोडी दोरी आणि चार चिमटे संचातच टाका. विटाळाचा वाद पुढे कधीतरी होईल, आजच्या घडीला ऊन मिळतंय ना, ते बघा. काही कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटते. मला चालते.

पाण्याचंही तसंच. शहरात नळ काही दिवसांआड, गावात उन्हाळ्यात टँकर. एप्रिल-मेमध्ये ज्या घरात प्यायच्या पाण्याची मारामार आहे, तिथे घड्या नीट खळबळून धुवा असं सांगणं म्हणजे नुसता उपदेश. अशा मुलींना मी दोन्ही देते: कापडी संच, आणि पाणीटंचाईच्या महिन्यांसाठी बाजारचे पॅड. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळतो. तुम्हाला कुणीतरी हमखास विचारेल, ‘एक रुपयाला पॅड मिळत असताना शिवायचं कशाला?’ उत्तर इतकंच, की ते केंद्र गावात नसतं, दर महिन्याला कुणीतरी जाऊन आणावं लागतं, आणि वापरलेला पॅड टाकायचा कुठे हा प्रश्न तसाच राहतो. उसतोडीला आईबापाबरोबर जाणाऱ्या, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या मुलीला मात्र मी कापड एकट्याने देणार नाही. तिथे ना आडोसा, ना पाणी. मुलीला काय हवं ते तिला निवडू द्या.

शाळा बुडण्याबद्दल जरा रोखठोक बोलते, कारण देणगी मागताना हेच वाक्य सगळीकडे वापरलं जातं. संच दिला की हजेरी वाढते, हे इतकं सरळ नाही. नेपाळमध्ये मुलींना पाळीचे कप (आत बसवून रक्त साठवणारे, धुवून परत वापरायचे) देऊन केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींना कप आवडले, धुण्याचा त्रास वाचला, पण हजेरीत फरक पडला नाही, कारण पाळीमुळे शाळा मुळातच फार कमी बुडत होती. युगांडातल्या 2016 च्या अभ्यासात फरक दिसला. पण तिथे गंमत अशी, की जिथे पॅड न देता नुसती पाळीबद्दल नीट माहिती दिली होती, तिथेही साधारण तेवढाच फायदा झाला. यावरून मी काम बंद केलं नाही. फक्त ‘संच द्या, शाळा वाचवा’ असं म्हणणं बंद केलं. कापडाचा काच न होता, डागाची भीती न बाळगता बाकावर बसता येणं, एवढ्यासाठीही संच द्यायला हरकत काय?

आणि मुलगी घरी राहतेच असेल, तर का राहते ते विचारा. बऱ्याचदा उत्तर पोटात दुखतं हे असतं, त्याला पॅडचा काही उपयोग नाही. फार दुखणाऱ्या, सात दिवसांपेक्षा जास्त जाणाऱ्या किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजणाऱ्या मुलीला आशाताईंमार्फत डॉक्टरांकडे पाठवा. दुसरं उत्तर शाळेच्या स्वच्छतागृहाचं. शिक्षण हक्क कायद्याने (2009) मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक आहेत, आणि ती बहुतेक शाळांत बांधलेलीही आहेत. पण बांधलेलं आणि वापरण्याजोगं यात अंतर असतं. स्वतः आत जाऊन बघा: कडी लागते का, आत पाणी आहे का, घडी बदलताना कोरडी घडी आणि पिशवी ठेवायला खुंटी किंवा कट्टा आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असेल, तर मुलगी ती मागायला जाणार नाही. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत असायला हवी, तिच्यातल्या बाईंशी बोलून किल्ली मुलींच्या हाती येईल असं बघा. एक कडी, एक खुंटी आणि झाकणाची बादली, खर्च तुमच्या दोन संचांपेक्षा फार जास्त नाही.

वाटायच्या आधी आणखी एक. तुमच्या गटातल्या निदान तीन-चार जणींनी तो संच स्वतः एक पूर्ण पाळीभर वापरावा, कामावर जाताना, बसमधून, रात्री. आपण बाजारचा पॅड वापरायचा आणि मुलींसाठी कापड शिवायचं, हे मला बरोबर वाटत नाही, आणि पंख अर्धा इंच अरुंद झालाय हे कागदावर कळत नाही. मग दोन शाळांऐवजी एका शाळेतला एकच वर्ग घ्या. वर्गातल्या सगळ्या मुलींना द्या, ‘गरीब’ निवडून काढू नका, आणि हातात पिशवी धरून उभ्या मुलींचे फोटो नकोत. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर कापणीच्या टेबलाचा पाठवा.

पुढेमागे विकायचा विचार असेल, तर धुवून वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्युरोचं 2021 सालचं मानक आहे, आयएस 17514. ते मिळवून वाचा. फुकट देतानाही शोषण आणि धुण्याच्या टिकाऊपणाबद्दल त्यात काय अपेक्षा आहेत ते माहीत असलेलं बरं. नीट शिवलेला संच दोन-तीन वर्षं जातो. इलास्टिक आणि टिचबटणं आधी जातात, म्हणून थोडी जास्तीची बटणं शाळेत बाईंकडे ठेवा.

दिल्यावर तीन पाळ्या होऊ द्या आणि मग परत जा. ‘वापरता का?’ असं विचारलंत तर सगळ्या हो म्हणतील. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या वेळी वाळत कुठे घातलीस?’ ‘गच्चीवर’, ‘मागच्या दोरीवर, ओढणीशेजारी’ असं पटकन आलं, तर ती वापरतेय. मुलगी खाली बघून हसली, तर तिच्या घरी एक चक्कर मारा, आईला भेटा. दुसऱ्या वर्गासाठी कापड त्यानंतर आणा. तुमच्या त्या दोन शाळांतली एक नदीकाठची आणि एक टँकरची असेल, तर नदीकाठच्या शाळेपासून सुरुवात करा. टँकरच्या गावासाठी घड्या आठच ठेवा, पण सोबत किती बाजारचे पॅड लागतील याचा हिशेब आधी तिथल्या आशाताईंबरोबर बसून करा.